पाऊस पडल्यावरच प्रवाळ का मिटतात? नागपुरातल्या रीफ टँकचं दरवर्षीचं दुखणं

जून सरता सरता, घरात रीफ टँक म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. माणूस वेगळा, तक्रार तीच: झोआ, लेदर असे मऊ प्रवाळ मिटले. "भाऊ, मे महिना निघाला, नवतपा निघाला, काही झालं नाही. आता पाणी पडलं, गारवा आला, तर झोआ उघडूनच नाही राहिले. लेदर चार दिवसांपासून मान टाकून आहे. काय टाकू?"

काही टाकू नका. निदान आज तरी नको. आयोडीनची बाटली नको, कोरलचं खाद्य नको, औषध तर मुळीच नको. जे दुखणं दरवर्षी ठरल्या महिन्यात येतं त्याचं कारण बहुतेक वेळा टँकच्या बाहेर असतं, खोलीतल्या हवेत. आणि नागपूरची हवा मे ते जुलै या काळात जितकी बदलते तितकी मुंबई-पुण्याची बदलत नाही. म्हणून तिकडच्या मित्रांचे सल्ले इथं अर्धेच लागू पडतात. मुंबईत तर वर्षभर दमट हवा असते. आपल्याकडे कोरडी भट्टी आणि मग एकदम ओलावा. टँक त्या दोन्हींत तोच, पंखाही तोच, आणि तिथंच गोम आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. हे सगळं मऊ प्रवाळांबद्दल आहे: झोआ, मशरूम, लेदर, झेनिया. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, तसंच काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी-फॅन हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून काढलेला असा तुकडा कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी नको. मन्नारच्या आखातातला किंवा आपल्या मालवणचा प्रवाळ आधीच तापत्या पाण्याशी झगडतोय, त्यातून एक तुकडा आपल्या दिवाणखान्यासाठी उचलावा असं त्यात काहीच नाही.

आधी नीट बघा

"कोरल मरतंय" या तक्रारीखाली किमान चार वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यातली एक तर तक्रारच नाही. लेदर अधूनमधून कात टाकतं. पॉलिप, म्हणजे फुलासारखी छोटी तोंडं, आत ओढून घेतं, वरची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत होते, तिच्यावर मेणचट पापुद्रा धरतो. आठवडा-दोन आठवडे ते असंच राहतं, पापुद्रा प्रवाहानं निघून गेला की पुन्हा फुलतं. बाकी टँक मजेत असेल आणि एकटं लेदरच मिटलेलं असेल, तर त्याच्याकडे येणारा प्रवाह थोडा वाढवा आणि त्याला त्याचं काम करू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे रंग उडणं. पेशी शाबूत असतात, हात लावला तर अंग घट्ट लागतं, पण रंग फिका होत जातो आणि कडांपासून जवळजवळ पारदर्शक होतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशातून अन्न बनवतं आणि प्रवाळ त्या अन्नावर जगतो. पाणी तापलं आणि वर प्रकाशही भरपूर असला की या शैवालाच्या यंत्रणेत बिघाड होऊन घातक ऑक्सिजनसंयुगं तयार होतात, आणि प्रवाळ स्वतःच शैवालाला बाहेर काढतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातही असंच घडतं. तिथल्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशानं वर जाऊन काही आठवडे तिथंच राहिलं तरी पुरतं. एप्रिल 2024 मध्ये जगातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. लक्षात ठेवायचं ते हे की पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. उपाशी असतो. वेळेत पाणी ठीक झालं तर शैवाल परत येतं आणि रंगही परततो.

तिसरी गोष्ट म्हणजे कुजणं. तपकिरी, बुळबुळीत थर, अंगाचे तुकडे सुटणं, आणि पाण्यातून बाहेर काढल्यावर लगेच येणारा वास. इथं मात्र तासांचा हिशेब असतो, त्याबद्दल शेवटी लिहितो.

चौथी, आणि नागपुरात जून-जुलैत सर्वात जास्त दिसणारी: रंग आहे, अंग आहे, कुजणं नाही, पण सगळे एकदम मिटलेले. झोआ बंद, मशरूम आकसलेलं, झेनियाचं ते हाताची मूठ उघडझाक केल्यासारखं हलणं थांबलेलं. सगळे एकदम मिटले असतील तर कीड किंवा रोग शोधण्यात वेळ घालवू नका. वेगवेगळ्या जातींचे प्राणी एकाच दिवशी मिटतात ते पाण्यामुळे.

पंख्याचं गणित

आपल्याकडचे बहुतेक घरगुती टँक पंख्यावर थंड राहतात. संपवर (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीवर) किंवा टँकच्या कडेला एक छोटा पंखा, तो पाण्याच्या पृष्ठभागावर हवा मारतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाण्यातली उष्णता जाते. माठ मे महिन्यात पाणी गार करतो आणि पावसाळ्यात करत नाही, तेच इथं होतं.

एक लिटर पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता निघून जाते, तितक्यात 200 लिटरचा टँक जवळपास 3 अंशांनी थंड झाला असता. मे महिन्यात असा टँक पंख्याखाली दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडवतो. म्हणून बाहेर 45 असतानाही पाणी 26-27 वर राहू शकतं, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की आपला टँक उन्हाळा काढतोय म्हणजे काहीही काढेल.

पण पंखा पाणी किती खाली आणू शकतो याला एक मर्यादा असते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर पंख्यापुढे धरला तर तो जिथं थांबेल, ती ही मर्यादा. हवा जितकी कोरडी तितकी ती खाली. आता आकडे बघा. मे महिन्यात बंद खोलीत 36 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ही मर्यादा 20 अंशांच्या आसपास येते. भरपूर मोकळीक. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावला, खोली 30 वर आली आणि आर्द्रता 70 वर गेली, तर मर्यादा होते साडेपंचवीस. तुम्हाला गार वाटतंय, टँकची मोकळीक मात्र निम्म्याहून कमी झाली. आणि जुलैत, पाऊस पडून गेल्यावर, खोली 31 आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर मर्यादा 28. टँकमधलं पाणी या मर्यादेपर्यंत कधीच पोचत नाही, कारण पंप आणि दिवे उष्णता टाकत असतात. म्हणजे प्रत्यक्षात 29, साडेएकोणतीस, कधी 30.

थोडक्यात, बाहेर 45 असताना 27 वर असलेला टँक बाहेर 31 असताना 29 च्या वर जातो. त्याच वेळी आपण एसी बंद करतो, कारण आता गरज वाटत नाही. हे एवढं एक डोक्यात बसलं की जून-जुलैचे निम्मे फोन बंद होतील, असं मला मनापासून वाटतं.

मानेवाड्यातल्या एका ओळखीच्या घरी हे अगदी लख्ख दिसलं. टँक दोनशे लिटरचा, हॉलमध्ये, खिडकीला कूलर. घरातल्या काकूंना कूलरशिवाय झोप येत नाही, म्हणून पाऊस सुरू झाल्यावरही तो पंपासकट चालू. टँकच्या काचेला चिकटवलेला थर्मामीटर सकाळी 27.5 दाखवायचा, म्हणून सगळे निर्धास्त. आम्ही कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा डिजिटल थर्मामीटर पाण्यात सोडला आणि शेजारी आर्द्रतामापक ठेवला. दुसऱ्या दिवशी रात्री बघितलं: पाण्याची कमाल 30.1, रात्री नऊच्या सुमारास, दिवे पूर्ण जोरात असताना. आर्द्रता 88 टक्के. पंखा भरभर फिरत होता आणि संपमधली पातळी दिवसभरात जेमतेम एक बोट उतरली होती. लेदरच्या कडा आत वळलेल्या, टोपीवर एकही पॉलिप नाही. झोआच्या वसाहतीत मधले बंद, फक्त खालच्या सावलीतले पाच-सहा अर्धवट उघडलेले. सावलीतलेच उघडे होते हे मला सर्वात महत्त्वाचं वाटलं, कारण त्यावरून प्रकाश आणि उष्णता दोन्ही मिळून त्रास देताहेत हे कळत होतं.

तिथं केलं ते असं. कूलरचा पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा चालू. समोरची खिडकी उघडून हवा आरपार. दिव्यांचा जोर एक तृतीयांश कमी आणि वेळ बदलून पहाटे चार ते सकाळी अकरा, म्हणजे खोली सर्वात गार असते तेव्हा. पाणी 28 च्या आत आलं. झोआ आधी उघडले, लेदरला बराच जास्त वेळ लागला. पुढे त्यांनी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता.

चिलरबद्दल दोन गोष्टी. तो टँकमधली उष्णता काढून खोलीतच टाकतो, त्यामुळे बंद कपाटात ठेवलेला चिलर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. आणि त्याच्या जाळीवर उन्हाळ्यात धूळ, एप्रिलमध्ये तर सावरीचा कापूससुद्धा, असा बसतो की हवा जात नाही. मृग लागायच्या आत जाळी मऊ ब्रशनं साफ करा. दुकानदार टँकच्या लिटरवरून जे माप सांगतो त्याच्या एक माप वरचा घ्या. नागपूरच्या खोलीत छोट्या चिलरला दिवसभर उसंत मिळत नाही.

बर्फाच्या बाटलीचा उपाय सगळे सांगतात. एक लिटरची गोठवलेली बाटली 200 लिटर पाणी फार तर अर्ध्या अंशानं खाली आणते, तेही काही वेळापुरतं. वादळात लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, तर बाटली जरूर टाका. रोजचा उपाय म्हणून नको, कारण तापमान वर-खाली होत राहिलं तर प्रवाळाला स्थिर 28 पेक्षा ते जास्त जड जातं. आणि लाइट गेल्यावर पहिली काळजी ऑक्सिजनची करा, तापमानाची नंतर. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

क्षार: दोन्ही बाजूंनी घसरण

वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही. मे महिन्यात रोज चार लिटर उडत असतील आणि तीन दिवस गावाला गेलात, तर 200 लिटरच्या टँकची क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग) 35 वरून 37 च्या पुढे जाते. म्हणून लोक शिस्तीनं रोज ठरलेलं गोडं पाणी ओततात. मग पाऊस येतो, वाफ एक लिटरवर येते आणि हाताला सवय चार लिटरची. संप मोठा असला तर पातळी वाढलेली पटकन ध्यानात येत नाही. आठवडाभरात क्षारता 32-33 वर. तापलेल्या पाण्यात ही दुसरी ओढाताण.

उपाय एकच आणि पक्का: फ्लोट किंवा सेन्सरवर चालणारा ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय. दिव्यांवर पैसे घालण्याआधी यावर घाला. तोवर संपच्या काचेवर मार्करनं रेघ मारा आणि लिटर न मोजता रेघेपर्यंत पाणी भरा.

आता क्षारता मोजायची कशानं? बहुतेकांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो आणि त्यावर आपोआप तापमान जुळवतो असं लिहिलेलं असतं. ते जुळवणं साधारण 10 ते 30 अंशांपुरतं असतं. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत 36-38 अंशांवर पडून राहिलेला रिफ्रॅक्टोमीटर जो आकडा दाखवेल त्यावर विसंबून मीठ किंवा पाणी टाकू नका. तो एसीच्या खोलीत अर्धा तास ठेवा, 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर 35 चा आकडा जुळवा आणि मग मोजा. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण आपल्याला अचूकपणा शून्यापाशी नको, 35 पाशी हवा.

चुकलेली क्षारता एका दिवसात ओढून जागेवर आणू नका. दिवसाला एक एककापेक्षा जास्त नको. टँक उपाशी राहून जितका बिघडत नाही तितका घाईच्या दुरुस्तीनं बिघडतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते जिच्याकडे कुणी बघत नाही: मिठाची पिशवी. रीफ सॉल्ट हवेतली ओल झपाट्यानं ओढून घेतं. एकदा उघडलेली पिशवी जुलैत दगडासारखी झाली असेल तर त्या मिठाचं प्रमाण वजनावर लागत नाही, शिवाय अल्कॅलिनिटी (आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि कॅल्शियम विरघळण्याऐवजी पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात. पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिटले, असं झालं असेल तर नवीन कालवलेलं पाणी तपासा. अल्कॅलिनिटी 7 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम, याच्या फार बाहेर असेल तर ते मीठ वापरू नका. मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिकाच्या पुड्या.

स्वयंपाकघरातला आरओ

याबद्दल मी जरा जोरात बोलतो, कारण इथं माणसं विनाकारण प्रवाळ गमावतात. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ रीफ टँकसाठी बनवलेला नाही. अशी बरीचशी यंत्रं मेंब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळतात, म्हणजे चव राहावी आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) पन्नास-साठ-सत्तर असावा. आपल्याला शून्य हवा. पेंच किंवा कन्हानच्या नळाच्या पाण्यात जे काही असेल, आणि बेसा-बेलतरोडीकडच्या लेआउटमध्ये बोअरचं पाणी येत असेल तर त्यात जे काही असेल, ते रोजच्या टॉप-अपमधून टँकमध्ये साचत जातं. वाफ होऊन जाणारं पाणी आपल्यासोबत काहीच नेत नाही. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, सगळं आत राहतं.

त्याहून वाईट म्हणजे तांबं. हल्ली अनेक आरओ यंत्रं आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडतात. माणसाला त्याचं काही नाही. पण प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांच्यासाठी तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं असेल तरी तेच. तुमच्या टँकमधल्या गोगलगायी आधी मरत असतील आणि मग झोआ मिटत असतील, तर तांब्याची टेस्ट किट आणा. निघालं तर तांबं शोषून घेणारं रेझिन आणि कार्बन (सक्रिय कोळसा) घाला, पाणी बदलत राहा, आणि ते यंत्र टँकपुरतं कायमचं बंद करा. विकतच्या वीस लिटरच्या जारचंही हेच: आत काय मिसळलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

हवा तो स्वतंत्र आरओ, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी), आणि शेवटच्या थेंबापाशी टीडीएस मीटर. शून्य नसेल तर पाणी वापरायचं नाही. इथं नागपूरची एक खास अडचण आहे. मे महिन्यात दुपारी छतावरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. मेंब्रेनची क्षार अडवण्याची ताकद गरम पाण्यात कमी होते, आणि 45 अंशांच्या वरचं पाणी बहुतेक मेंब्रेन सोसतच नाहीत. रेझिनवर त्याचा भार पडून ते महिन्यात संपतं आणि माणूस रेझिनवाल्याला दोष देतो. आरओ पहाटे चालवा, टाकीतलं पाणी सर्वात गार असताना. एवढ्या एका बदलानं रेझिन जास्त टिकेल.

बंद खोली, आणि डास

मे महिन्यात खिडक्या दिवसभर बंद, एसी चालू, घरात चार माणसं. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच 8.2 वरून 7.8-7.9 वर येतो. मऊ प्रवाळांना याचा फारसा त्रास होत नाही. पीएच वाढवणारी पावडर टाकू नका, त्यानं अल्कॅलिनिटी उडी मारेल. पहाटे खिडकी उघडा, पुरे.

डासांचं मात्र गंभीर आहे. पाऊस पडला की नागपुरात डेंग्यूची धास्ती, म्हणून प्रत्येक खोलीत लिक्विड मशीन, कॉइल, वर फवारणी. या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात आणि ती मासे, कोळंबी, खेकडे यांना अत्यंत घातक आहेत. तुमचा स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप खोलीतली हवा दिवसभर पाण्यात मिसळत असतात, म्हणजे खोलीत जे फवाराल ते पाण्यात जाणारच. टँकच्या खोलीत मशीन लावू नका, जाळीच्या खिडक्या आणि मच्छरदाणी वापरा. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, स्किमर बंद, टँकवर ओला कपडा, आणि तासाभरानं सगळं पूर्ववत. संपमध्ये कार्बन कायम ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. कार्बनचा दुसरा उपयोग असा की मऊ प्रवाळ एकमेकांविरुद्ध पाण्यात रसायनं सोडतात. लेदर आणि झोआ एकाच टँकमध्ये असतील तर ही लढाई कायम चालू असते आणि तापलेल्या, थकलेल्या टँकमध्ये ती जास्त बाधते.

नायट्रेट-फॉस्फेटबद्दल थोडक्यात. नायट्रेट 2 ते 15 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असेल तर हात लावू नका. दोन्ही शून्यावर आणण्याची जी हौस असते ती सोडा. उपाशी पाण्यात झोआ आकसतात आणि वाळूवर तपकिरी बुडबुड्यांचा चिकट थर धरतो, तो घालवणं मूळ दुखण्यापेक्षा अवघड.

सावरताना

कारण सापडलं आणि दूर केलं की मोह आवरायचा. प्रवाळ या दगडावरून त्या दगडावर हलवू नका. दिव्यांचा जोर कमीच ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. रंग उडालेल्या प्रवाळाला पूर्ण प्रकाश म्हणजे पुन्हा तीच इजा. शैवाल परतेपर्यंत त्याला बाहेरून अन्न लागतं, म्हणून मशरूमला आठवड्यातून दोनदा बारीक मायसिस (कोळंबीसारखं खाद्य), पंप थांबवून, पिपेटनं अगदी थोडं. पाणी बदलायचं ते दहा टक्के, तापमान आणि क्षारता आधी जुळवून. आणि रोज पहाटे नि रात्री नऊला तापमान, आर्द्रता, क्षारता वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच वहीवरून तुम्हाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळेल की कूलरचा पंप कधी बंद करायचा.

लेदर कुजायला लागलं असेल तर वाट बघू नका. धारदार ब्लेडनं कुजलेल्या भागाच्या बोटभर आत, निरोगी अंगात कापा. कुजलेला भाग टँकच्या बाहेर टाका. उरलेला तुकडा टँकचंच पाणी घेतलेल्या बादलीत हलवून धुवा, बुळबुळीत थर निघून जाईपर्यंत, आणि ते पाणी फेकून द्या. तुकडा छोट्या दगडावर सैल रबर बँडनं किंवा जाळीच्या कापडानं धरून ठेवा. नुसता गोंद लेदरवर टिकत नाही, ते अंगाचा स्राव सोडून सुटतं. मध्यम प्रवाह, कमी प्रकाश. दोन-तीन आठवड्यांत ते दगड धरतं.

झोआ कापायची किंवा खरवडायची वेळ आली तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बसू नका. झोआ आणि पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या सर्वात जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. हाताला चीर असेल, डोळ्यात शिंतोडा उडाला, तर थेट दवाखाना गाठायला लागतो. झोआ चिकटलेला दगड साफ करायला म्हणून गरम पाण्यात उकळू तर कधीच नका. वाफेतून ते विष श्वासात जातं आणि अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. नको असलेला दगड पाण्याच्या बादलीत ब्लीच टाकून, गच्चीवर, मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा, आणि वापरलेले ब्लेड-मोजे वेगळ्या पिशवीत बांधून टाका.